सिग्वाच्या सात सिनेमांचा तक्ता

मी तक्ता बोलतोय. आमच्या बेटावरच्या इलोइलो शहरात, क्लारिबेलच्या स्वयंपाकघरात, भाताच्या पातेल्यापासून दोन हातांवर मी टांगलेला आहे. मागच्या बाजूने मी तांदळाच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर, पण ती बाजू भिंतीकडे. माझी खरी बाजू ही. हिच्यावर सिग्वाचा सगळा जन्म मांडला आहे.

सिग्वा म्हणजे आमचा वादळात उडणारा वीर. आधी तो दर आठवड्याच्या चित्रकथांतून आला, मग सिनेमात. सिनेमे सात, पण सरळ रांगेत एकही नाही. तिसऱ्यात त्याचं बालपण, पाचव्यात तर त्याची आजीच तरुण. म्हणून माझ्यावर दोन रेघा आहेत. निळ्या रेघेवर कुठला सिनेमा कधी लागला ते, आणि लाल रेघेवर त्यातली गोष्ट कुठल्या साली घडली ते. पाहुण्यांना मी विजेच्या तारांचा गुंता वाटतो. वाटू दे. पंचवीस वर्षं एकही धागा सुटू न देणाऱ्या त्या लेखकमंडळींचं मला फार कौतुक आहे.

माझा जन्म मात्र उशिरामुळे झाला. क्लारिबेलचे वडील, तातय बोनी, जीपनी म्हणजे भाड्याची लांब जीप चालवायचे. शेवटची फेरी संपवून ते मुलांना सिनेमाला न्यायचे, तोवर सिनेमा अर्धा झालेला. त्या काळी आमच्याकडे कुणालाच त्याचं काही वाटत नसे. अंधारात चाचपडत जागा पकडायची, शेवट बघायचा, मग तिथेच बसून पुढच्या खेळात सुरुवात बघायची. ओळखीचं दृश्य आलं की तातय उठायचे. "चला, इथेच आलो होतो आपण."

सिग्वाचा पहिला सिनेमा असाच बघितला. त्याचा मित्र आधी मेला आणि मग त्याला भेटला. नऊ वर्षांची क्लारिबेल आणि तिचा बारा वर्षांचा भाऊ रोदेल आठवडाभर त्यावरून भांडले. शेवटी तिने कॅलेंडर उलटं केलं आणि निळं पेन उचललं.

पुढे रोदेल बोटीवर लागला, इंजिनखात्यात. नऊ-नऊ महिने समुद्रावर. घरी आला की आधी माझ्यासमोर उभा राहायचा, चुकलेला सिनेमा कुठे बसतो ते बोटाने शोधायचा, आणि मग दोघं तो घरी बसून बघायचे. एकट्याने फोनवर बघायचा नाही, असा त्यांचा करार होता.

गेल्या वर्षी तातय गेले. रोदेल भर समुद्रात होता, त्याला पोचता आलं नाही. महिन्याभराने त्याने फोनवर एवढंच विचारलं, "शेवटचा सिग्वा कधी आहे?"

"पंचवीस डिसेंबरला."

"तो थिएटरात बघायचा. तातयसारखा."

ख्रिसमसपासून दोन आठवडे आमच्या थिएटरांत फक्त देशी सिनेमे असतात. मग परदेशी परत येतात आणि आमचे उतरतात. सिग्वाला सात जानेवारीपर्यंतच मुदत होती. रोदेल दहा डिसेंबरला यायचा, पण त्याच्या जागी जाणारा माणूस आजारी पडला आणि हा बोटीवरच अडकला. क्लारिबेल रोज भात ढवळताना माझ्या कोपऱ्यात लिहून ठेवलेली सात तारीख बघायची. मला फार वाईट वाटायचं.

शेजारच्या नांग पासिंग, म्हणजे आमच्या गल्लीची थोरली ताई, तळलेली केळी विकतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सिनेमा बघितला होता आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.

"मी काही सांगत नाही हं. फक्त रुमाल घेऊन जा."

"नांग, रुमाल म्हणालात म्हणजे सांगितलंतच की."

"बरं, नको नेऊस. बाहीला पूस."

सात तारखेला दुपारी रोदेलचं विमान उतरलं, तेही दीड तास उशिरा. चारचा खेळ शेवटचा. क्लारिबेल मला गुंडाळून काखेत घेऊन दारातच उभी होती.

"मनोंग, बॅग इथेच टाक," ती थोरल्या भावाला म्हणाली.

"अगं, तोंड तरी धुऊ दे."

"सिग्वा काय तुझं तोंड बघायला थांबलाय?"

जीपनीत तिने मला दोघांच्या मांड्यांवर पसरलं आणि रोदेलने बोट फिरवत आधीच्या सहाही सिनेमांची उजळणी केली. पण रस्ता तुंबला होता. आम्ही पोचलो तेव्हा सिनेमा अर्धा झाला होता. अंधारात चाचपडतच आम्ही जागा पकडली.

शेवट फार सुंदर होता. दोघंही बाहीला डोळे पुसत होते. दिवे लागले, लोक गेले, रोदेल मात्र बसूनच राहिला.

झाडूवाला आला. "सर, संपला."

"आमची सुरुवात राहिलीय."

"आता तसं नाही चालत. आणि हा शेवटचाच खेळ होता."

क्लारिबेलचा चेहरा उतरला. "एवढी वाट बघून अर्धाच."

रोदेल उठला. "चल. इथेच आलो होतो आपण." मग तो हळूच म्हणाला, "सुरुवात पुढच्या सुट्टीत बघू, घरी. मी आल्याशिवाय तू बघायची नाहीस."

पंधरा वर्षांत तो कितीदा गेला, पण परत येण्याचा शब्द त्याने कधी दिला नव्हता. क्लारिबेलने मला छातीशी इतकं घट्ट धरलं की माझा एक कोपरा मुडपला.

तो अजून मुडपलेलाच आहे. रोदेल पुन्हा समुद्रावर गेलाय. माझ्या कडा पिवळ्या पडल्यात, तेलाचे डागही आहेत. निळ्या रेघेवर सातवा सिनेमा भरला. लाल रेघेवर त्याचा शेवट लिहिलाय, सुरुवातीची जागा क्लारिबेलने कोरी ठेवली आहे.

तुमच्यापैकी कुणी तो बघितला असेल, तर शेवटाबद्दल खुशाल बोला. सुरुवात तेवढी आमच्या घरात सांगू नका. रोदेल यायचाय.