खिडकीतला दगड

खिडकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मावशीने त्याला एक करडा दगड टेकवून ठेवला होता. जिथून तो आणला, ती टेकडी आता धरणाच्या पाण्याखाली होती. त्या प्राचीन ग्रॅनाइटचा एवढाच तुकडा उरला होता.

त्याच्या जोडीचा तुकडा भाचीने आधीच प्रयोगशाळेत फोडला होता, तेव्हा भुग्यात झिरकॉनचा, ज्यावरून खडकाचे वय काढतात त्या खनिजाचा, एक कण सापडला. त्याचा गाभा खडकापेक्षा कितीतरी जुना निघाला. हा खडक म्हणजे आरंभ नव्हे, पृथ्वीचे आधीचे कवच वितळून तो जन्मला, हे भूगर्भशास्त्रज्ञ मावशी आयुष्यभर सांगत आली होती. निवृत्तीच्या तोंडावर तिला पुरावा मिळाला.

मात्र दगड फोडण्याआधी क्रशरमधून, म्हणजे दगड दळायच्या यंत्रातून, गारगोट्या दळून काढतात, म्हणजे आधीच्या दगडाची धूळ निघून जाते. त्या दिवशी वीज गेली आणि ते राहून गेले, असे क्रशरवाले काका बोलता बोलता म्हणाले. आधीचा दगड शेजारच्या विभागाचा होता. नेमका त्या गाभ्याच्याच वयाचा. म्हणजे तो कण त्या दगडाचाही असू शकत होता.

भाचीने सगळे सांगितले.

"आईवर गेलीस अगदी," मावशी म्हणाली. "तीही ऐन घास घेताना ताटातला खडा दाखवायची."

खिडकीतला दगड राहू दे, कणाचा उल्लेखच गाळू, असे भाचीने सुचवून पाहिले. मावशीने उठून दगड तिच्या हातात दिला.

"फोड. शोकेसमध्ये मांडायचाय का?"

या वेळी गारगोट्या दोनदा दळल्या. झिरकॉनचे कण ढिगाने मिळाले. जुना गाभा एकातही नव्हता.

उरले ते खडकातल्या मूलद्रव्यांचे जुनेच आकडे. सोडियम भरपूर, इट्रियम जवळजवळ नाहीच. खोल कुठेतरी काळा बेसॉल्ट वितळला, तेव्हा गार्नेटचे तांबडे स्फटिक न वितळता खालीच राहिले आणि इट्रियम त्यांनी स्वतःपाशी धरून ठेवले. वर आलेल्या खडकाला जे मिळाले नाही, त्यावरूनच त्याचे मूळ ओळखायचे. हे मावशीने कितीदा तरी मांडले होते. लोक त्याला अंदाज म्हणत.

शोधनिबंधातले कणाचे वाक्य मावशीने खोडले. इट्रियमचे तसेच ठेवले.

"अंदाज तर अंदाज," ती म्हणाली.

वाऱ्याने खिडकी आपटत होती. दर वेळी दोघींची नजर त्या रिकाम्या जागेकडे जाई. तिथे दुसरे काही ठेवायला मात्र कोणी उठले नाही.