हात देण्याचा रविवार

जिभेच्या आठवड्यातच माझं नि विनिताचं भांडण जुंपलं. आमच्या मंडळीला नवे पाळक आले, प्रीतमसाहेब, आणि त्यांनी घरोघर एक पुस्तिका वाटली. रोजच्या जगण्याचे धडे. आठवड्याला एक धडा. एकदा राग आवरायचा, एकदा जीभ आवरायची, एकदा उपकार आठवायचे. आठवडाभर तो धडा जगायचा आणि रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायची. दिघीच्या खाडीकाठची आमची तीस घरं पणजोबांपासून ख्रिस्ती, पण नावं जुनीच राहिली आणि जिभाही. त्या आठवड्यात पाड्यावर जेवढ्या शिव्या ऐकल्या तेवढ्या एरवी वर्षात ऐकल्या नव्हत्या.

आम्ही दोघी सदाच्या मासळी वाळवायच्या खळ्यात बोंबील टांगत होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, सकाळपासून दुपारपर्यंत तेच. सदा हा खळ्याचा नि तीन होड्यांचा मालक. माझा नवरा विठोबा त्याच्या होडीवर जातो. विनिताचा नवरा सुजितही जायचा. सहा वर्षांपूर्वी गेला तो परत आला मेलेलाच.

"दे ना गो एकदाचा हात," मी म्हटलं.

"तुला सांगाया काय जातंय? तुजा घो रोज घरी येतोय."

हात देणं ही आमच्या मंडळीची जुनी रीत. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडायच्या आधी, ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं उठून त्याला उजवा हात द्यायचा. हात दिला नाही तर भाकर नाही. आणि ज्याच्यावर एकाचीही अढी आहे त्याला पंच करायचं नाही. सहा वर्षं विनितानं सदाला हात दिला नव्हता. ती भाकरीविना मागच्या बाकावर बसायची आणि सदाचं पंचपद दोनदा हुकलं.

"माजं सोड. आरोहीचं बघ. तिला पत्र कोन देनार?"

"तोंड आवर, कोकिळा. आटवडा कसला हाय?"

"तूच आवर! पोरीचं वाटोळं करशील तुज्या त्या हट्टापायी!"

तिनं हातातली बोंबलाची जोडी माझ्या अंगावर फेकली. मीही फेकली. सदाची बायको धावत आली म्हणून थांबलो.

पण मी खोटं बोलले नव्हते. विनिताची आरोही बारावी झाली होती. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला तिचं नाव लागत होतं, फक्त मंडळीचं पत्र हवं होतं, पाळकाच्या नि पंचाच्या सहीचं. प्रीतमसाहेब विनिताच्या घरी आले, चटईवर बसले, तिच्या हातचा चहा प्याले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, मला द्यायचंय हो पत्र. पण तुम्ही सहा वर्षं प्रभुभोजन घेतलेलं नाही. नियमानं तुमचं घर मंडळीत धरता येत नाही. पुढचा धडा क्षमेचा आहे. देवानंच वेळ जुळवून आणली बघा."

हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

सुजित कसा गेला हे पाड्यावर सगळे एकच सांगायचे, पाय घसरला म्हणून. आरोहीलाही तेच ठाऊक. खरं काय ते विठोबानं मला सांगितलं आणि मी विनिताला. माझ्या पोटात राहिलं नाही. डोलीचं जाळं ओढताना सुजितचा पाय दोरात अडकला आणि तो पाण्यात ओढला गेला. ओहोटी लागलेली, पाण्याला ओढ मरणाची. तो दोर तोडला असता तर माणूस सुटला असता आणि नवं जाळं, भरलेलं, वाहून गेलं असतं. सुरा सदाच्या हातात होता. विठोबा नि दुसरा खलाशी ओरडत होते, तोड, तोड. सदा म्हणत होता, "वढा, येतोय वर, वढा." जाळं शाबूत वर आलं. सुजितही त्याच्याबरोबर आला.

शनिवारी विनिता माझ्या दारात आली. भांडणानंतर पहिल्यांदाच.

"देते हात," ती म्हणाली. "पन आदी नाव घेईन. पुस्तकात लिवलंय ना, कशाची क्षमा करताव ते सपष्ट सांगा? सांगते. दोर, सुरा, समदं. आरोहीला पत्र भेटंल. आन येवडं आयकल्यावर त्या मेल्याला कोन पंच करतंय ते बगते मी."

"आन आरोही आयकंल ते?"

"तिला मावशीकडं धाडलीय, तळा गावाला. सोमवारी येईल."

मला ते बेस वाटलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

रविवारी मंडळीचं देऊळ भरलं होतं. गीत झालं, वचन झालं, प्रीतमसाहेबांनी विचारलं, "क्षमेची साक्ष कोण देतंय?" विनिता उठली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. सदा पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

"मी सदाभावजींना क्षमा करते," ती म्हणाली. "माज्या नवऱ्याचा पाय दोरात गावला तवा ह्यांच्या हातात सुरा हुता. दोघं ओरडत हुते तोड म्हनून. ह्यांनी दोर तोडला न्हाय. जाळं वाचवलं. माजा मानूस बुडून मेला. त्याची मी क्षमा करते."

मी सहज मागं पाहिलं. दारात आरोही उभी होती, खांद्याला पिशवी. नंतर कळलं, प्रीतमसाहेबांनीच तिला फोन केला होता, एवढ्या मोठ्या घटकेला आईजवळ मुलगी हवी म्हणून. मी खोकायला हवं होतं, काहीतरी पाडायला हवं होतं. मी बसून राहिले.

विनिता पुढं गेली. हात दिला. सदानं तो दोन्ही हातांनी धरला आणि हुंदके देऊन रडू लागला. मी वाट पाहत होते, आता कुणीतरी उठेल, विचारेल, का रे सदा, हे खरं? कुणी विचारलं नाही. निम्म्या बाकांवर जाळ्यांचे मालकच बसले होते. नव्या जाळ्याचा दोर हातात आला की माणसाचा हात कसा अडतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी माना खाली घातल्या. बाया डोळे पुसत होत्या. आणि मग प्रीतमसाहेबांनी टाळी वाजवली.

"अशी क्षमा मी आजवर पाहिली नाही! एवढं पाप, आणि एवढी क्षमा! आता सदाभाऊंवर कुणाची अढी उरली आहे का?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सदाला पंच करायचं का, असं विचारलं तेव्हा हात वर झाले. विठोबानं केला. त्याचा उद्याचा फेरा सदाच्या होडीवर होता. मग मीही केला. विनिता माझ्याकडे बघत होती.

पत्र तिथंच, वाजवायच्या पेटीच्या झाकणावर ठेवून लिहिलं. खाली दोन सह्या झाल्या. पंच म्हणून सदाची ती पहिली सही.

घरी मायलेकींचं काय बोलणं झालं ते आमच्या दोन घरांमधल्या कुडाच्या भिंतीतून मला ऐकू आलं. फार नव्हतंच.

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"कदीपास्नं?"

"सहा वर्सं झाली."

"आन रोज त्याच्याच खळ्यात जायचीस? त्याच्याच हातनं पगार घ्यायचीस?"

"तू शिकत हुतीस, बाय."

त्यानंतर आरोही चार दिवस आईशी बोलली नाही. माझ्याकडे तर तिनं पाहिलंही नाही.

गुरुवारी दिघीच्या धक्क्यावर तिला सोडायला मंडळी आली. सदाही आला, नवा पांढरा शर्ट घालून. पंचानं प्रवासाची प्रार्थना करायची असते. त्यानं आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि देवाचे उपकार मानले, पोरीसाठी, आईसाठी, पोरीच्या बापासाठी.

"आई," आरोही म्हणाली. चार दिवसांतला पहिला शब्द. "ह्याला हात काडाया सांग."

सगळ्यांनी डोळे उघडले. पत्र आरोहीच्या पिशवीत होतं, पण पुढची तीन वर्षं दर वर्षी तसलंच पत्र लागणार होतं.

"ऱ्हाऊ दे बाय," विनिता म्हणाली. "प्रार्थना चाललीय."

सदानं प्रार्थना सावकाश पुरी केली. आमेन म्हणणाऱ्यांत विनिताचा आवाज होता. आरोही फेरीबोटीत चढली आणि पलीकडच्या आगरदांड्याकडे तोंड करून बसली. बोट खाडीच्या मध्यापर्यंत गेली तरी तिनं मान वळवली नाही.

लोक पांगले. विनिता धक्क्याच्या कडेला तशीच उभी. मी जवळ गेले, तर तिनं न बघताच विचारलं, "बसाया जागा भेटली ना तिला?"

"भेटली."

"शिकंल ती."

"शिकंल," मी म्हटलं. बारा वाजून गेले होते आणि खळ्यात बोंबील पडले होते, म्हणून आम्ही दोघी निघालो.