नाला गप्प झाला तेव्हा

दसरा होऊन गेला, धान लोंब्यांनी वाकला, तरी पाऊस जायचं नाव घेईना. दरेकशाच्या डोंगराखाली झामसिंग आणि त्याची बायको दुर्पता आपल्या धानाच्या बांधीतलं, बांध घातलेल्या शेतातलं, पाणी काढून देत होते. कडेचा नाला दुथडी भरून वाहत होता. पाऊस तसाच कोसळत असताना नाल्याचा आवाज एकाएकी बंद पडला. दुर्पताला वाटलं, आपल्या कानात पाणी गेलं.

नाल्यात नुसता चिखल उरला होता आणि त्यात मासोळ्या तडफडत होत्या. झामसिंग खाली उतरलाही.

"टोपली आन."

"पानी पडून राह्यलं, मंग नाला काऊन आटला?"

"आटला तं आटला. वेच ना."

टोपली घेऊन ती काठापर्यंत आली आणि थबकली. विहीर खोदताना येतो तसा ओल्या मातीचा वास येत होता. वर पाहिलं तर मोहाचं एक झाड उभंच्या उभं खाली सरकत होतं. तिने डोळे पुसले. झाड आणखी खाली आलं होतं. हे नवऱ्याला सांगावं तरी कसं?

"अजी, दिव्या आली सासरून. रडून राहिली. लवकर या."

मासोळ्या टाकून झामसिंग धावत वर आला. ती त्याला ओढत टेकाडावर घेऊन गेली.

"कुठं आहे दिव्या?"

ती काही बोलायच्या आत पायाखालची जमीन थरथरली. चिखल, धोंडे आणि झाडं एकमेकांवर आदळत खाली आली. नाला दिसेना, बांधीही दिसेना. झामसिंग तरीही लेकीलाच शोधत होता.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक म्हणाला, वरचा डोंगर घसरून नाला अडला, मग पाणी तुंबून सगळं एकदम सुटलं. महिन्याभराचा पाऊस आता एका दिवसात पडतो, पुन्हाही असं होईल. दुर्पताने मान हलवली. लहानपणापासून तिला शिकवलं होतं, नाला गरजला की पळायचं. आता गप्प झाला तरी पळायचं?

टेकाडाच्या अंगाला धानाचा वीतभर रुंद पट्टा तेवढा उभा राहिला होता. दोघांनी तो कापला.

"पुढच्या साली वर चढावरच्या टिकऱ्यावर पेरू," झामसिंग म्हणाला.

"तिथं डोंगर जवळ आहे."

"मंग खाली?"

"खाली नाला आहे."

त्याने विळा पेंढीत खोचला. मग म्हणाला, "नाला तरी कुठं आहे आता?"

पेंढ्या डोक्यावर घेऊन दोघं घराकडे निघाली.