बेचाळीस चौकोन

मी प्लास्टर बोलतोय. भिंतीचं नव्हे, हाताचं. उजव्या हाताचं, कोपराच्या खालपासून बोटांच्या मुळांपर्यंत. माझं आयुष्य सहा आठवड्यांचं, हे मला जन्मतानाच कळलं होतं, त्यामुळे पुढचे बेत आखण्याच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

माझं घराणं दगडाचं. एक मऊ पांढरा दगड भाजतात, दळतात, पट्टीवर माखतात आणि कुणाचं तरी हाड मोडेपर्यंत कपाटात ठेवून देतात. या दगडात कॅल्शियम ठासून भरलेलं असतं. म्हणजे जे कमी पडल्यामुळे पुष्कळ माणसं माझ्याकडे येतात, ते माझ्या अंगभर आहे आणि त्यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही. मला कुणी खाऊ शकत नाही.

एका सोमवारी सकाळी मला कोमट पाण्यात बुडवलं, पिळलं आणि एका बाईच्या मनगटावर गुंडाळलं. बाई सेहेचाळीस वर्षांची, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापणारी. तिथे तिला सगळे कात्रीबाई म्हणत. एकावर एक बारा थर ठेवले तरी तिची रेघ हलत नसे, अशी ख्याती. आणि पडली कशावरून, तर फूटभर उंचीच्या स्टुलावरून. वरच्या फळीवरचा डबा काढताना तोल गेला, हात टेकला, मनगट मोडलं.

"एवढ्याशा पडण्यानं?" तिनं विचारलं.

"पडणं एवढंसंच होतं," डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडापुढे धरत म्हणाल्या, "हाडच विरळ झालंय. रोज काय खाता?"

"सगळं खाते की."

मी तेव्हा अजून ओला होतो आणि बाईशी माझी ओळख नव्हती, म्हणून मी विश्वास ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, आणखी तपासण्या लिहून दिल्या आणि रोजचं खाणं सांगितलं. सकाळी ग्लासभर दूध, दुपारी वाटीभर दही, जेवणात भाजीवर तीळ, अधूनमधून काट्यांसकट खाता येतात ते बारीक मासे, अंडं, आणि थोडा वेळ ऊन. कारखान्याच्या मुकादमानं निरोप पाठवला, "सहा आठवडे तुमची जागा ठेवतो. सातव्या सोमवारी कात्री धरता आली नाही, तर दुसरी बाई बघावी लागेल." वाईट माणूस नव्हता तो, पण गणवेश शाळा उघडायच्या आत लागतात.

घरी चार माणसं. ती, तिचा टॅक्सी चालवणारा नवरा, सतरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलीनं पट्टी घेऊन माझ्या अंगावर बेचाळीस चौकोन आखले. "आई, ज्या दिवशी सगळं खाशील त्या दिवशी चौकोनात बरोबरची खूण करायची. डाव्या हातानं." नवऱ्यानंही हातभार म्हणून रोज पालकाची जुडी आणायला सुरुवात केली.

पहिल्याच सकाळी मी बाईचा स्वयंपाकघरातला कारभार पाहिला. दूध तापलं. ग्लास भरला. भरलेला ग्लास सासूबाईंपुढे गेला. "आई, तुम्ही घ्या, तुमच्या पाठीला हवंय." दह्याची वाटी मुलीपुढे सरकली, कारण परीक्षा. तीळ पेरलेली भाजी नवऱ्याच्या डब्यात, कारण दिवसभर गाडीत बसणं. मग बाईनं ओट्याशी उभ्याउभ्या चहात कालचा पाव बुडवून खाल्ला, पेन घेतलं आणि माझ्या पहिल्या चौकोनात खूण केली.

तिला ते खोटं वाटतच नव्हतं. घरातल्यांच्या पोटात गेलं म्हणजे आपल्याच पोटात गेलं, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. शरीराची तशी समजूत नसते, हे मी तिला सांगू शकलो नाही. रोज एक खोटी खूण अंगावर घेऊन मी तिच्याबरोबर हिंडत राहिलो. मला लाज वाटायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेलो. सोबतीला सासूबाई होत्या. त्यांची पाठ इतकी वाकलेली की बाकावर बसल्या तरी नजर फरशीवरच.

"जुळतंय, पण रेंगाळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाणं नीट चाललंय ना?"

बाईनं मला अभिमानानं पुढे केलं. "हे बघा. एकही दिवस चुकला नाही. शिवाय रोज पालक."

"पालक खा, पण कॅल्शियमसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. त्यातलं फार थोडं अंगी लागतं. बाकी दूध, दही..."

"खोटं आहे ते," सासूबाई फरशीकडे बघत म्हणाल्या.

"आई!"

"दूध मी प्यायले. रोज. तू दिलंस आणि मी मुकाट्यानं प्यायले, कारण मलाही कुणी कधी दिलं नव्हतं." त्या थांबल्या. "मीही अशीच सगळ्यांना वाढत आले. आता मला माणसांची तोंडं दिसत नाहीत गं, चपला दिसतात. तू घरात आलीस की मी तुझ्या चपलेवरून ओळखते. तुला तसंच व्हायचंय का?"

माझ्यावर दोन थेंब पडले. प्लास्टर भिजू द्यायचं नसतं, पण त्या वेळी मी तक्रार केली नाही.

"दोघींना दूध," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका ग्लासात वाटणी नाही, दोन ग्लास. आणि दोन आठवड्यांत हाड भक्कम होत नसतं. हे जन्मभर चालू ठेवायचं."

त्या दिवसापासून पेन मुलीनं ताब्यात घेतलं. वाढायचं काम नवऱ्याकडे गेलं; सांडायचा, पण वाढायचा. बाई खुर्चीवर बसून जेवू लागली. सुरुवातीला तिला ते फार अवघड गेलं, सारखी अर्धी उठायची. सासूबाई स्वतःचा भरलेला ग्लास समोर ठेवून बसून राहत आणि म्हणत, "तुझा संपल्याशिवाय मी माझ्याला हात लावणार नाही. निवला तर निवला." रोज सकाळी सगळे मिळून आम्ही पायरीवर उन्हात बसायचो.

बेचाळिसाव्या दिवशी मला करवतीनं उभं चिरलं. दुखत नाही. आतून जो हात निघाला तो बारीक आणि फिकट होता. बाईनं पिशवीतून तिची मोठी कात्री काढली आणि डॉक्टरीणबाईंकडे बँडेजचा तुकडा मागितला. पहिला काप वाकडा गेला. दुसराही. ती थांबली, श्वास घेतला, बोटं सैल केली. तिसरा काप या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"सरळ गेला का गं?" सासूबाईंनी फरशीकडे बघत विचारलं.

बाई त्यांच्यासमोर खाली बसली आणि ती पट्टी त्यांना दिसेल इतक्या खाली, चपलांच्या जवळ धरली. सासूबाईंनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "सरळ आहे," त्या म्हणाल्या.

आता मी दवाखान्याच्या बादलीत आहे, दोन तुकड्यांत. माझी कुणाला गरज पडू नये, एवढीच इच्छा आहे, म्हणून वाढून झालं की आपलंही ताट घ्या आणि बसून जेवा. माझ्या अंगावरच्या पहिल्या अठ्ठावीस खुणांबद्दल मला विचारू नका. शेवटच्या चौदा खऱ्या आहेत.