सुपडूआबांचं तिसरं वारं

कानबाई देवीसमोर तिसऱ्यांदा पडले, तर सुपडूआबांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. चुलतभाऊ तोतारामकडचा कानबाईचा मान कायमचा त्यांच्या घरी येणार, भाऊबंदांची पंगत त्यांच्या ओट्यावर बसणार, आणि तोताराम नारळ घेऊन त्यांच्या दारात उभा राहणार. ही शेवटची बाब आबांना सर्वांत गोड वाटायची.

चोपड्याकडच्या या भाऊबंदांत नियमच होता: लागोपाठ तीन वर्षं ज्याच्या अंगात वारं येईल, देवी त्याच्या घरी बसेल. आबा दोन वर्षं ऐन आरतीत आडवे झाले होते. डोळे पांढरे, अंग गार, आणि लगेच उठून "काय व्हयनं?" देवीच, यात शंका कोणाला? केळीच्या बागेतही ते असेच पडत, पण तिथं बघायला फक्त बायको कुंदाबाई. ते कोणी धरलं नाही.

कुंदाबाईनं धरलं. तिनं त्यांना जळगावला डॉ. नूतन यांच्याकडे नेलं. ईसीजी साफ निघाला. "अधूनमधून होत असेल तर तेवढ्यात सापडत नाही," म्हणत डॉक्टरांनी छातीला तारा चिकटवून दिवसभर ठोके टिपणारी डबी कमरेला बांधली. दिवस कुंदाबाईनंच मागून घेतला होता: कानबाईच्या सणाचा रविवार.

आरतीत आबा तिसऱ्यांदा पडले. बायकांनी त्यांना कुंकू लावलं, डबीलाही लावलं.

"वरच्या कप्प्यातून विजेचा इशारा निघतोय," डबीतला आलेख बघत डॉक्टर म्हणाल्या, "खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही. सहा सेकंद हृदय थांबलं होतं. पेसमेकर बसवावा लागेल."

"म्हंजे डीपीवर लाइन शे, मोटारले येत नही," आबा म्हणाले.

"अगदी तसंच. इथं सही करा."

आबांनी पेन खाली ठेवलं. सही केली तर दुखणं कबूल, मान गेला. नाही केली तर जीव. ते विचार करतो म्हणाले.

तोताराम आलेखाची झेरॉक्स मिळवून भाऊबंदांत फिरला. "देवी नही, बिघाड शे."

"त्या सहा सेकंदमा मी कोठे व्हतू, हाई कागदवर शे का?" आबांनी विचारलं.

भाऊबंदांनी डॉक्टरांना फोन लावला. एवढं मशीनला दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. ही साक्ष दोन्ही बाजूंनी आपापल्या खात्यात जमा केली.

मग कुंदाबाई तोतारामच्या ओट्यावर जाऊन बसली. "भाऊजी, मान तुमीनच ठेवा. तुमना भाऊ सही करत नहीत. पुढला साल बी तुमना घर आरतीले येतीन, पडतीन. त्या खेपले उठनात नही तर आख्खा भाऊबंदले सुतक. कानबाई बंद, तुमना घरमाच."

दिवे लागायच्या आत तोतारामनं मान सोडला. अट एकच: सही आधी.

पुढच्या कानबाईला पेसमेकर बसवलेले आबा आरती संपेपर्यंत ताठ उभे होते. दोन म्हाताऱ्या हिरमुसून घरी गेल्या.

हिशेब असा मिटला: तोतारामचा मान गेला, वर नारळही. कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना केळीचा घड गेला. आणि मानाबरोबर सगळ्या भाऊबंदांच्या रोटांची कणीक कुंदाबाईच्या दारात आली. तिनं परात आबांपुढे सरकवली.

"आते मोटारले लाइन शे ना? मंग मळा."

उरलेली बाकी आबांनी कणीक मळत मनगटांनी फेडली.