अंधार वर्ग

शाळेनं त्या वर्गाला ‘आधार वर्ग’ असं नाव दिलं होतं. मुलांनी त्याचा ‘अंधार वर्ग’ केला, आणि खोली पाहिल्यावर मुलांचंच म्हणणं पटायचं. जिन्याखालून वाकून आत जायचं, कडेला मोडक्या बाकांची रास, आणि एकुलती एक खिडकी सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी. दिवसासुद्धा दिवा लावल्याशिवाय फळा दिसत नसे.

नव्या बाई तिथं रुजू झाल्या तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की ही मुलं मागं पडलेली आहेत, त्यांच्याकडून भाषा आणि गणित पक्कं करून घ्यायचं, बाकीचे विषय ती आपापल्या वर्गात शिकतातच. यातली मेख बाईंच्या थोड्याच दिवसांत लक्षात आली. जास्तीच्या गणिताला जास्तीचा वेळ लागतो, आणि तो वेळ विज्ञानाच्या तासातून काढलेला होता. विज्ञानाची घंटा झाली की सहावीतली ठरावीक मुलं उठायची, दप्तरं उचलायची आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जिना उतरायची. उरलेली मुलं हसतखेळत प्रयोगशाळेत जायची.

त्या ठरावीक मुलांत भिंगरी होती. हे तिचं घरचं नाव. घरी म्हणे तिचा पाय एका जागी ठरत नसे, वर्गात मात्र ती डिंकानं चिकटवल्यासारखी बसायची. वडील इमारती रंगवायचे आणि काम निघेल तिकडे बिऱ्हाड हलायचं. या शाळेत ती चौथीत आली त्याआधी आई बरेच महिने आजारी होती, त्यामुळे पोरीची शाळा बुडालेली. प्रवेश झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात चाचणीची प्रश्नपत्रिका आली. अपूर्णांक तिनं तोवर पाहिलेही नव्हते. तिथं जो शिक्का बसला तो बसला. तेव्हापासून ती ‘आधारची’.

एकदा बाईंनी भागाकाराची उदाहरणं घातली आणि सहज फिरता फिरता त्यांना दिसलं की भिंगरीची सगळी सोडवून झाली आहेत, पण वहीवर हात पसरून ती अजून सोडवत असल्याचा आव आणते आहे. बाई तिच्या बाकावर शेजारी बसल्या आणि हळूच विचारलं, झालंय तर दाखवत का नाहीस?

“लवकर दाखवलं की परत तसलीच देतात,” भिंगरी म्हणाली.

त्यात तक्रार नव्हती. पाऊस आला की छत्री उघडतात, इतक्या साधेपणानं ती बोलली. बाईंना मात्र ते लागलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी काही न सांगता तिला वरच्या, म्हणजे नेहमीच्या सहावीच्या वर्गाचा गणिताचा पेपर सोडवायला दिला. पोरगी काही फार हुशार निघाली असं नाही. चार ठिकाणी चुकली, एक गणित अर्धवट सोडलं. पण वरच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेवढंच केलं असतं. ती त्यांच्याइतकीच होती, आणि बाईंचा संताप झाला तो नेमका याच गोष्टीचा.

त्या पेपर घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. स्वभावानं वाईट नव्हत्या, मुलांच्या डब्यात काय आहे याचीसुद्धा चौकशी करणाऱ्या. त्यांनी पेपर नीट पाहिला, कौतुकही केलं, आणि मग म्हणाल्या की गणिताचं ठीक आहे, पण विज्ञानाचं काय? पोरीनं दोन वर्षं विज्ञानाचा तास पाहिलेला नाही. पाया कच्चा असताना वर्गात बसवली तर तिचेच हाल होतील.

“तिला विज्ञान येत नाही, कारण आपण तिला तिथून उठवतो,” बाई म्हणाल्या. “आणि आता विज्ञान येत नाही म्हणून तिला परत घेत नाही. मग तिनं करायचं तरी काय?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खरं काय ते बोलल्या. आधार वर्गात ठरावीक मुलं असली तरच त्या वर्गाला शिक्षक मंजूर होतो. सध्या संख्या काठावर आहे. एक मूल कमी झालं तर वर्ग बंद, बाईंची जागाही जाणार, आणि ज्या मुलांना अजून धड वाचता येत नाही ती वाऱ्यावर पडणार.

“त्यांचं काय करायचं, ते तुम्ही मला सांगा,” त्या म्हणाल्या.

बाईंनी पेपर उचलला. जिना उतरताना त्यांना स्वतःचीच चीड आली. आपला पगार या पोरांच्या मागं राहण्यावर बेतलेला आहे, हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

शेवटी त्यांनी विज्ञानाच्या सरांना गाठलं. नाव आधार वर्गातच राहू दे, पण पंधरवडाभर भिंगरीला तुमच्या तासाला बसू द्या, असं त्यांनी विनवलं. सरांनी आढेवेढे घेतले, बाकं पुरत नाहीत म्हणाले, पण अखेर हो म्हणाले. मोठ्या बाईंनी कानाडोळा केला.

पहिल्या दिवशी भिंगरी वेणी घट्ट घालून आली. घंटा झाल्यावर सवयीनं जिन्याकडे वळली, मग थांबली आणि बाकीच्यांच्या मागून प्रयोगशाळेत शिरली. त्या दिवशी पाणी गाळण्याचा प्रयोग होता. मुलांनी टोळकी केली. तिला कुणी हाकललं नाही, पण कुणी काही हातातही दिलं नाही. एका मुलीनं समजूतदारपणे सांगितलं, तू फक्त बघ, फुटलं तर आम्हाला ओरडा बसेल. सरांचा तर हेतू चांगलाच होता. त्यांनी सगळ्यांना प्रश्न विचारले आणि तिच्यापाशी आल्यावर आवाज मऊ करून विचारलं, पाणी कशाला लागतं, सांग बरं? सहावीच्या पोरीला. कुणी हसलं नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

तिनं चार तास काढले. पाचव्या तासाला बाई खाली शिकवत होत्या, तेवढ्यात दारात भिंगरी उभी. ती आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसली.

बाईंनी बाहेर बोलावून विचारलं, तर म्हणाली, “मला इथंच बरं वाटतं. आम्ही आधारची माणसं.”

बाईंचा तोल गेला. तुझ्यासाठी मी कुणाकुणाच्या पाया पडले, आणि तू चार दिवसांत शेपूट घालून परत आलीस, असं त्या वाट्टेल ते बोलल्या. भिंगरी खाली बघत उभी राहिली. तिनं रडायला हवं होतं, पण ती रडली नाही. बोलून झाल्यावर बाईंना कळलं की आपला राग चुकीच्या माणसावर निघाला, पण तोंडातून गेलेलं परत थोडंच घेता येतं?

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ती दप्तरं शिवायच्या कारखान्यात मशीनवर होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. बाईंना वाटलं ती भांडेल. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, “बाई, दोन वर्षांपूर्वी मला शाळेनं बोलावून सांगितलं, तुमची मुलगी मागं आहे. मी घरी जाऊन तिला तसंच सांगितलं, की जमेल तेवढं कर. आता तुम्ही म्हणता ती सगळ्यांसारखी आहे. तिनं कुणाचं ऐकायचं?”

बाई म्हणाल्या, “माझं ऐकू नका. मी काय करते ते बघा, आणि मग ठरवा.”

हे बोलून गेल्या खऱ्या, पण करायचं काय हे त्यांना आईच्या मागोमाग फाटकापर्यंत चालत जाताना सुचलं. एकट्या भिंगरीला वर पाठवण्यातच चूक झाली होती. त्यांनी मोठ्या बाईंकडून दुपारच्या रिकाम्या तासाला प्रयोगशाळा मागून घेतली, भाषेचा एक तास कमी केला आणि अख्खा वर्ग वर नेला. सरांनी किल्ली दिली, पण काचेच्या सामानाच्या कपाटाला कुलूपच ठेवलं. मग मुलांनी घरून स्टीलचे पेले, गाळणी, जुनी फडकी आणली. धड वाचता न येणाऱ्या एका मुलानं गढूळ पाणी तीन फडक्यांतून गाळून दाखवलं आणि फडकं दुहेरी केलं तर काय होईल हे आधीच सांगितलं. भिंगरीचा पाय पहिल्यांदा एका जागी ठरेना. या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन ती दुसऱ्यांचे पेले ढवळायची आणि ओरडा खायची.

वर्षाच्या शेवटी बाईंनी हट्टानं तिला बाकी सगळे देतात तोच पेपर द्यायला लावला. विज्ञानात ती जेमतेम पास झाली, गणितात बरी. संख्येचं सुट्टीनंतर बघू, असं म्हणत मोठ्या बाईंनी तिचं नाव आधार वर्गातून काढलं. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सरांनी हात पुढे करून अभिनंदन केलं आणि बाईंनी ते स्वीकारलंही.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा भिंगरीच्या बाकावर नवी मुलगी होती. दुसऱ्या गावाहून नुकतीच आलेली, प्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी दिलेली. संख्या पुरी झाली होती. बाई तडक वर गेल्या आणि म्हणाल्या, हिला महिनाभर वर्गात बसू द्या आणि मग काय ती चाचणी घ्या. मोठ्या बाई म्हणाल्या, नियमात तसं बसत नाही. बाईंनी तिला आधार वर्गात घालायच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला. मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडून स्वतःची सही केली. मुलगी खालीच राहिली. बाईंच्या हाती एवढंच लागलं की प्रयोगशाळेचा दुपारचा तास वेळापत्रकात छापून आला आणि काचेच्या सामानाच्या कपाटाची किल्लीही मिळाली.

त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत बाई नव्या मुलीला घेऊन नळापाशी उभ्या होत्या. समोरून सातवीच्या मुलींचा घोळका आला, त्यात भिंगरी होती. बाईंनी हसून हात वर केला. भिंगरीनं पाहिलं, नक्की पाहिलं, आणि मान वळवून मैत्रिणींशी मोठ्यानं बोलू लागली. घोळका पुढे गेला.

बाईंना तिचा राग आला नाही. आपल्याशी बोलताना कुणी पाहिलं तर ती पुन्हा ‘आधारची’ होईल, हे पोरीला बरोबर कळलं होतं. राग दुसऱ्याच कशाचा तरी होता, आणि तो कुणावर काढायचा हे त्यांना अजूनही समजत नव्हतं. नवी मुलगी ओंजळीनं पाणी पीत होती. पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, “बाई, ती तुमच्या ओळखीची आहे का?”

“हो,” बाई म्हणाल्या. “सातवीत आहे ती. चल, घंटा होईल.”