दुभाष्याची दुसरी खुर्ची

परके राज्यकर्ते एकदाचे गेले, पण जाता जाता नकाशावर एक रेघ ओढून गेले. ओढणाऱ्याचा हात हलला असावा, कारण रेघ गावाच्या बरोबर मधून गेली. एका गावाचे दोन देश झाले. दोन्ही देशांना आपापली एकजूट दाखवायची भारी घाई, म्हणून दोघांनीही कायदा केला, की पलीकडचे बोलतात ती भाषा निराळी आहे आणि ती आपल्याला कळत नाही. भाषा अर्थातच एकच होती. पण कायदा तो कायदा.

मग फाटकावरच्या कचेरीत दुभाषी नेमावा लागला. समोरच्याचं बोलणं ऐकायचं आणि तेच पुन्हा म्हणायचं, एवढंच काम. लोक त्याला पोपट म्हणत. त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण नोकरी सरकारी होती.

पंचाईत त्याच्या ताईची होती. तिचं सासर गावाच्या वरच्या अंगाला. लग्नानंतर ती तिकडे चालत गेली होती, आता तो परदेश होता. महिन्यातून एकदा ती पास काढून भेटायला येई. नातेवाइकांनी दुभाष्यामार्फतच बोलायचं, असा नियम; आणि दुभाषीही हाच, भाऊही हाच. त्यावर वरून तोडगा आला. टेबलाच्या एका बाजूला भावाची खुर्ची, दुसऱ्या बाजूला दुभाष्याची. भाऊ म्हणून त्या खुर्चीत बोलायचं, उठायचं, आणि तेच या खुर्चीत बसून साहेबांना सांगायचं. भेटीभर त्याची नुसती उठबस चाले.

"अरे, गुडघे धरतील तुझे," ताई म्हणे. तेही उठून सांगावं लागे.

त्या दिवशी कचेरीत नवा साहेब होता. तरुण, कडक इस्त्रीचा, नियमावर बोट ठेवणारा. ताई आपल्या नवऱ्याबद्दल म्हणाली, "ह्यांचं घोरणं ऐकून तुमच्याकडचे शिपाई बंदुका सावरत असतील." साहेबाला फसकन हसू आलं. लगेच चेहरा सरळ करून त्याने दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने वाक्य पुन्हा म्हटलं. मग साहेब रीतसर हसला.

पुढच्या महिन्याचा पास टेबलावर होता. त्यावर ताईला फाटकातून आत, थेट घरी जाता येणार होतं. आई अंथरुणाला खिळली होती आणि रोज एकच विचारत होती, "ती कधी येणार?" शिक्का तेवढा उमटायचा राहिला होता. पण नवा हुकूमही आला होता: हातात शिक्क्याचा पास नसताना जो परत येण्याचा इरादा बोलून दाखवील, त्याचं येणं कायमचं बंद.

साहेबाने शिक्का उचलला. ताईने पिशवी काखेत मारली आणि सवयीने म्हणाली, "बरं, येते मी."

शिक्का हवेत थांबला.

"काय म्हणाली ती?"

निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे साहेबालाही त्याच्या आईने शिकवलंच असणार. या भावंडांच्या घरात तर तो शब्द कोणी उच्चारत नसे. बाप परक्यांच्या लढाईला निघताना रागाच्या भरात "जातो" म्हणाला होता आणि खरोखरच गेला होता.

दुभाषी उठला. टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीत बसला.

"'जाते' म्हणाली, साहेब."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. शिक्का बसला. साहेबाने पास पुढे सरकवला.

पण ताई हलेना. 'येते' म्हटल्यावर 'ये' ऐकल्याशिवाय तिने आजवर उंबरा ओलांडला नव्हता. हे त्याला माहीत होतं. तो पुन्हा उठला, भावाच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "ये गं ताई. लवकर ये."

"आता हा काय म्हणाला?" साहेबाने दुभाष्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत विचारलं.

तो पुन्हा पलीकडे गेला. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"'जा' म्हणाला, साहेब," तो म्हणाला. "'लवकर जा' म्हणाला."

ताईने पास पिशवीत जपून ठेवला. दाराशी जाऊन ती वळली.

"त्या दुभाष्याला सांग," ती भावाच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "त्याचं मी काही ऐकलं नाही. मी माझ्या भावाचं ऐकलं."

ती गेली. साहेब भाषांतराची वाट बघत बसला. दुभाषी उठला आणि दोन खुर्च्यांच्या मधेच उभा राहिला.

"राहू दे," साहेब शेवटी म्हणाला आणि उगाचच शिक्का पुसायला लागला. "मला काही कळलं नाही."

कायद्याने ते खरंच होतं.